फॅट पाच पॉइंट चार : हरणीच्या चरबीची गोष्ट

ज्यांना कानात इअरफोन घालायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना जिथे अडखळलो ते गाळलंय, बाकी तसंच ठेवलंय.

मागच्या पावसाळ्यात नानांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, फॅमिली ग्रुपवर एक फोटो टाकला. दूध संकलन केंद्राची पावती. फॅट ५.४. खाली तीन टाळ्या आणि एक गुलाल उधळणारा इमोजी. आमच्याकडे गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या हिशोबावर ठरतो, हे गावाकडच्या लोकांना सांगायला नको. होल्स्टिन संकरित गायीला चारच्या वर फॅट लागलं तरी माणूस खूश होतो. इथे तर साडेपाच म्हटलं तरी चालेल! त्या आठवड्यात नानांची दुसरी गाय आटवलेली होती, त्यामुळे कॅनमधलं सगळं दूध एकट्या हरणीचं. तिला व्यायला नऊ दिवस झाले होते, चीक संपून नुकतंच दूध डेअरीला जायला लागलं होतं. मीही हिंजवडीतल्या ऑफिसमध्ये बसून अंगठा दाखवला.

दोन दिवसांनी हरणीने खुराक सोडला. सरकी पेंडीला तोंड लावेना, मुरघास हुंगून मान फिरवायची. कडबा मात्र थोडा थोडा खात होती. दूध निम्म्यावर आलं. डॉक्टर आले, तिच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि म्हणाले, "वास येतोय बघा." नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा गोडसर वास. लघवीचे काही थेंब पांढऱ्या पावडरीवर टाकले तर ती जांभळी झाली. किटोसिस. शिरेतून डेक्स्ट्रोजच्या बाटल्या चढवल्या, पाजायला एक गोड, दाट औषध दिलं. जाताना डॉक्टरांनी पावतीचा फोटो बघितला आणि म्हणाले, "नाना, हे फॅट चाऱ्यातलं नाही. गाय स्वतःची चरबी वितळवून तुमच्या कॅनमध्ये ओततीय."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी बीटेक केलंय कॉम्प्युटरमध्ये, जीवशास्त्र अकरावीतच सुटलं. पण एखादी सिस्टिम सगळे आकडे हिरवे दाखवत असताना आतून कोसळतेय, हे मला रोजच्या कामातून चांगलं कळतं. मग शोधायला लागलो, की हे कुणाला, कधी आणि कसं कळलं. आजचा भाग त्याचाच.

त्या जांभळ्या पावडरीपासून सुरुवात करू. तिला रोथेराची टेस्ट म्हणतात. रोथेरा यांनी १९०८ मध्ये एका छोट्या टिपणात ही पद्धत मांडली : नायट्रोप्रुसाइड आणि अमोनियाचा क्षार वापरला की कीटोन असलेल्या लघवीत जांभळा रंग येतो. तेव्हा डोळ्यासमोर होते मधुमेहाचे पेशंट, गाय नव्हे. शंभरहून जास्त वर्षं झाली, आणि आपल्याकडचे जनावरांचे डॉक्टर आजही ही पावडर वापरतात. मी लिहिलेला कोड तीन वर्षं टिकत नाही, असो.

म्हणजे कीटोन पकडता येत होते. पण धडधाकट, पोटभर खाणाऱ्या गायीला उपाशी माणसासारखे कीटोन का तयार व्हावेत?

याचं उत्तर मिळायला आधी गायीच्या पोटात काय चालतं ते कळायला हवं होतं. आपण भाकरी खाल्ली की तिची साखर होते आणि ती आतड्यातून रक्तात जाते. गायीचंही तसंच असणार असं वाटतं ना? नसतं. केंब्रिजमध्ये जोसेफ बारक्रॉफ्ट नावाचे शास्त्रज्ञ होते. रक्त ऑक्सिजन कसं वाहून नेतं यावर त्यांनी हयात घालवली. विरळ हवेत शरीराचं काय होतं बघायला १९२० मध्ये काचेच्या खोलीत स्वतःला सहा दिवस कोंडून घेतलं, असा हा माणूस. निवृत्तीनंतर, युद्धाच्या काळात, त्यांच्याकडे जनावरांच्या शरीरशास्त्राचं काम आलं. १९४४ मध्ये बारक्रॉफ्ट, मॅकअनॅली आणि फिलिपसन या तिघांनी दाखवून दिलं, की मेंढीच्या आणि तिच्यासारख्या इतर जनावरांच्या पोटात जंतू चारा आंबवतात, त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी आम्लं तयार होतात आणि ती थेट पोटाच्या भिंतीतून रक्तात शिरतात. त्यांनी त्या मोठ्या पोटाकडून, म्हणजे रुमेनकडून, येणाऱ्या शिरेतलं रक्त तपासलं. आम्लं तिथे सापडली.

या शोधाचा अर्थ फार मोठा आहे. गाय खाते पिष्ट आणि साखर, पण तिच्या रक्तात साखर म्हणून जवळपास काही पोचतच नाही, मधल्यामध्ये जंतू खाऊन टाकतात. गायीला लागणारी बहुतेक सगळी साखर तिचं लिव्हर तयार करतं, मुख्यतः त्या प्रोपिऑनिक आम्लापासून. आता आपल्याकडची पद्धत आठवा. गाय व्याली की तिला गूळ चारायचा. नानांनीही चारला होता, मायेनेच चारला होता. पण तो गूळ हरणीच्या रक्तात साखर म्हणून गेलाच नाही. त्याचं आम्ल झालं, आणि गोडाच्या आंबवणातून ब्युटिरिक जास्त निघतं, जे स्वतःच कीटोनच्या वाटेने जातं. हे मी नानांना अजून सांगितलेलं नाही.

आता थोडा हिशोब. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, साधारण ४.८ टक्के असते आणि ती रक्तातल्या ग्लुकोजपासूनच बनते. लॅक्टोज कासेत पाणी ओढून घेतं, त्यामुळे किती लिटर दूध निघणार हे बऱ्याच अंशी तेच ठरवतं. एक किलो दुधामागे सुमारे ७२ ग्रॅम ग्लुकोज लागतं असा अंदाज वापरतात. हरणी मागच्या वेतात २४ लिटर द्यायची, म्हणजे रोज पावणेदोन किलो ग्लुकोज. आणि तिच्या सगळ्या रक्तात एका वेळी असतं किती? मी गणित केलं, तर वीस ग्रॅमच्या आतबाहेर. चहात घालायची चार चमचे साखर! एवढ्या छोट्या टाकीतून दिवसभरात पावणेदोन किलो वाहतंय.

भरीला वेळेचं गणित उलटं. दूध सहाव्या-सातव्या आठवड्याच्या आसपास शिखरावर पोचतं, पण गायीची भूक पूर्ण खुलायला दहा-बारा आठवडे लागतात. व्यायच्या आधीच्या दिवसांत तर तिचं खाणं उलट कमी होतं. मधल्या काळात जी तूट पडते ती चरबीतून भरून निघते. जास्त दुधाच्या गायी या काळात तीस किलोच्या वरसुद्धा चरबी वापरतात.

मग लोकांना साहजिकच वाटलं, की आधीच चरबी भरपूर चढवून ठेवू. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बाउटफ्लर नावाचे गृहस्थ होते, पुढे सायरेन्सेस्टरच्या शेती कॉलेजचे प्राचार्य झाले. त्यांनी १९२० च्या दशकात 'स्टीमिंग अप' ही कल्पना गाजवली : व्यायच्या आधी काही आठवडे खुराक वाढवत न्यायचा, गाय तयार करायची. इंजिनात वाफ भरतात तसं. दूध वाढलंही. त्या काळात गायींना धड खायलाच मिळत नव्हतं, त्यामुळे सल्ला अगदीच चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण चांगला सल्ला परिस्थिती बदलल्यावरही तसाच चालू राहतो, तिथे घोळ होतो. अमेरिकेत पुढे मोठे कळप आले, आटवलेल्या आणि दुधातल्या गायी एकाच गव्हाणीवर मका खायला लागल्या. १९७६ मध्ये डेव्हिड मॉरो यांनी 'फॅट काऊ सिंड्रोम' असं नाव देऊन हे चित्र मांडलं. भाकड काळात लठ्ठ झालेल्या गायी व्यायल्यावर चारा सोडतात, किटोसिस होतो, दुग्धज्वर, वार अडकणं, कासदाह असे एकामागोमाग एक आजार लागतात, लिव्हर चरबीने पिवळं पडतं, काही दगावतात. हरणी तीन महिने आटलेली होती आणि तिला खुराक चालूच होता. तिच्या पाठीवर शेपटीजवळ हाताला हाड लागत नव्हतं. "कशी तुकतुकीत दिसतीय" असं आम्हीच म्हणत होतो.

चरबी वितळते म्हणजे नक्की काय होतं, हे कळलं १९५६ मध्ये. आणि तेसुद्धा माणसांवरच्या संशोधनातून, एकाच वर्षी तीन वेगवेगळ्या ठिकाणी. त्यातले एक न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटचे व्हिन्सेंट डोल. (हेच डोल पुढे हेरॉइनच्या व्यसनावर मेथाडोनचा उपचार आणणारे म्हणून जास्त प्रसिद्ध झाले. तो वेगळा भाग होईल.) डोल यांना दिसलं, की रक्तात थोडी फॅटी ॲसिड मोकळी फिरत असतात, अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून. प्रमाण अगदी कमी, म्हणून आधी कुणी फारसं लक्ष दिलं नव्हतं. पण ती भराभर येतात आणि भराभर वापरली जातात. उपास घडला की वाढतात, ग्लुकोज किंवा इन्सुलिन दिलं की झपकन खाली येतात. साखर कमी पडली की चरबीचं कोठार उघडतं, साखर आली की बंद होतं. गायीच्या रक्त तपासणीच्या रिपोर्टवर 'नेफा' लिहिलेलं असतं ना, ते हेच.

ही मोकळी फॅटी ॲसिड कुठे जातात? काही थेट कासेत, आणि तिथून दुधात. हेच ते नानांचं ५.४! बाकीची बरीचशी लिव्हरमध्ये. तिथे ती पूर्ण जळू शकतात, अर्धवट जळून कीटोन होऊ शकतात, नाहीतर परत चरबी बनून तिथेच साठतात. ही साठलेली चरबी पॅक करून बाहेर पाठवायचं काम गायीच्या लिव्हरला फार सावकाश जमतं. हान्स क्रेब्स, ज्यांच्या नावाचं चक्र आपण बारावीत पाठ केलं तेच, यांनी १९६६ मध्ये गायीच्या किटोसिसवर खास लेख लिहिला. त्यांचं म्हणणं साधारण असं : चरबी पूर्ण जाळायला त्या चक्रात ऑक्झॅलोॲसिटेट नावाचा रेणू लागतो, पण लिव्हर तोच रेणू साखर बनवायला उचलून नेतंय. चुलीत लाकडं भरपूर, पण फुंकणीच कुणी नेली. मग धूर होतो. तो धूर म्हणजे कीटोन. आज हे चित्र इतकं साधं मानत नाहीत, पण मला समजायला याचा फार उपयोग झाला.

आता मला सगळ्यात आवडलेला माणूस. कॉर्नेल विद्यापीठातले डेल बाउमन. त्यांनी आणि ब्रूस करी यांनी १९८० मध्ये एक लेख लिहिला. तोवर सगळे या प्रकाराकडे बिघाड म्हणून बघत होते. यांनी म्हटलं, की शरीर आपले आकडे जागच्या जागी राखतं हे खरं, पण गाभण आणि दुधातल्या काळात ते मुद्दाम नव्या ध्येयाकडे वळतं. वॉडिंग्टन या शास्त्रज्ञाने वेगळ्या संदर्भात वापरलेला 'होमिओऱ्हेसिस' हा शब्द त्यांनी इथे आणला. व्यायल्यावर गायीची चरबी आणि स्नायू इन्सुलिनचं ऐकेनासे होतात, पण कासेला ग्लुकोज घ्यायला इन्सुलिनची परवानगी लागतच नाही. म्हणजे रक्तातली साखर आधी वासराची, उरलं तर आईची. हा बग नव्हता, प्रायॉरिटी तशीच लिहिलेली होती. फक्त ती लिहिली गेली एका वासरापुरत्या दुधासाठी. आपण मागतोय चोवीस लिटर.

आणि आपण म्हणजे अगदी आपणच. १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला बाएफ सुरू केली, कृत्रिम रेतनातून होल्स्टिन आणि जर्सीचं रक्त महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोचलं. आमच्या घराला त्या दुधाने उभं केलं, माझ्या इंजिनिअरिंगच्या फीमध्ये ते दूध आहे. त्यामुळे 'जुनी गावठी गायच बरी' असं कमेंटमध्ये कुणी लिहिणार असेल तर आधी त्याने दोन वर्षं गावठी गायीच्या दुधावर घर चालवून दाखवावं. पण दुधाची ताकद रेतनाच्या कांडीतून आली, तशी व्यायच्या आधीच्या आणि नंतरच्या तीन-तीन आठवड्यांची समज कुणी गोठ्यावर आणून दिली नाही.

त्याऐवजी पोचल्या पिशव्या आणि बाटल्या.

हरणीला पाजलेलं ते गोड, दाट औषध म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल. १९५४ मध्ये जॉन्सन यांनी ग्लिसरॉल आणि प्रोपिलीन ग्लायकॉल पाजून किटोसिस बरा करण्याबद्दल लिहिलं. याचा काही भाग पोटात प्रोपिऑनिक आम्ल होतो, काही तसाच शोषला जातो आणि लिव्हर त्याची साखर करतं. साखर वाढली की इन्सुलिन वाढतं, इन्सुलिन वाढलं की चरबीचं कोठार बंद. डोल यांनी दाखवलेलं तेच. कॉर्नेलच्या जेसिका मॅकआर्ट यांनी २०१० नंतर शेकडो गायींवर हे तपासलं : वरून ठीक दिसणाऱ्या पण कीटोन वाढलेल्या गायींना हे पाजलं तर त्या लवकर सुधारतात आणि गंभीर किटोसिसकडे कमी जातात. सत्तर वर्षांचा जुना, बिनचकचकीत उपाय, आणि पुरावा सगळ्यात भक्कम याचाच. मात्र किती आणि किती दिवस ते डॉक्टरांना विचारा, जास्त झालं तर गाय झिंगते.

नायसिनची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९६२ मध्ये स्टॉकहोमच्या लार्स कार्लसन यांना दिसलं, की नायसिनने माणसाच्या रक्तातली मोकळी फॅटी ॲसिड उतरतात. दहा वर्षांनी विस्कॉन्सिनमध्ये ते किटोसिसच्या गायींना देऊन बघितलं. कीटोन उतरले. पण पुढच्या प्रयोगांत कधी लागू पडतं कधी नाही, कारण बरंचसं पोटातले जंतूच संपवतात. आणि बंद केल्यावर फॅटी ॲसिड उसळी मारून वर येतात ते वेगळंच.

कोलीनची गोष्ट मात्र सावकाश ऐकण्यासारखी आहे. टोरांटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ मध्ये इन्सुलिन शोधलं. स्वादुपिंड काढलेले कुत्रे इन्सुलिनवर जगायला लागले. पण काही महिन्यांनी ते आजारी पडून मरत. उघडून बघावं तर लिव्हर चरबीने भरलेलं. खाण्यात कच्चं स्वादुपिंड दिलं की बरे होत. मग लक्षात आलं की लेसिथिन दिलं तरी चालतं. आणि १९३२ पर्यंत बेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग करून नेमका घटक पकडला : कोलीन. लिव्हरमधली चरबी बाहेर पाठवताना तिच्याभोवती जे वेष्टन लागतं, त्यासाठी कोलीन हवं असतं. कोलीन नाही, पॅकिंग नाही, माल गोडाऊनमध्ये पडून.

गायीचं दुखणं हुबेहूब हेच. मग नुसतं कोलीन चारायचं? इथे पुन्हा बारक्रॉफ्टचं पोट आडवं येतं. जंतू ते फस्त करतात. म्हणून चरबीच्या वेष्टनात गुंडाळलेलं कोलीन काढलं, जे पहिल्या पोटातून सुखरूप पुढे सरकतं. अनेक प्रयोग एकत्र करून बघितले तर व्यायच्या आसपास असं कोलीन दिल्याने दूध वाढतं हे बऱ्यापैकी दिसतं. रक्तातले कीटोन उतरतातच असं मात्र नाही.

उरलं बायपास फॅट. हे सांगताना मी जरा चिडलेलो असेन, समजून घ्या. कल्पना हुशार आहे. नुसतं तेल चारलं तर ते चारा पचवणाऱ्या जंतूंना मारक ठरतं. ओहायोमध्ये डोनाल्ड पामक्विस्ट आणि टॉम जेन्किन्स यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की फॅटी ॲसिडला कॅल्शियम जोडलं, म्हणजे सरळ भाषेत साबण केला, तर तो पहिल्या पोटात विरघळत नाही, पुढे जाऊन पचतो. त्यातून उद्योग उभा राहिला. आपल्याकडे कर्नालच्या एनडीआरआयने देशी पद्धत बसवली. यातून ऊर्जा मिळते, दूध वाढतं, हे खरं. पण यातून ग्लुकोज मिळत नाही. फॅटी ॲसिडपासून साखर बनत नाही, गायीतही नाही आणि माणसातही नाही. ज्या गायीचं लिव्हर आधीच स्वतःच्या चरबीखाली दबलंय, तिला व्यायल्याच्या पहिल्या आठवड्यात वरून आणखी चरबी द्यायची? चरबी चारल्याने शरीरातली चरबी वितळणं थांबतं, असं प्रयोगांत भरवशाने दिसलेलं नाही. नानांना मात्र एका विक्रेत्याने हेच सांगून पिशवी दिली होती : "व्याल्या व्याल्या चालू करा, गाय खचणार नाही." विकणाऱ्याचा काय दोष काढू, पावतीवर फॅट वाढतंय ना!

मोनेन्सिनचाही उल्लेख करतो. कोंबड्यांच्या रोगावरचं औषध, गायीच्या पोटात गेलं तर जंतूंचा कल प्रोपिऑनिककडे झुकवतं. युरोपने वाढीसाठीचा त्याचा वापर २००६ मध्ये बंद केला आणि २०१३ मध्ये तेच किटोसिस टाळायचं औषध म्हणून परत मंजूर केलं. घोड्याला मात्र ते जीवघेणं आहे. गोठ्यात घोडा असेल तर सांभाळा.

आणि ज्यांना वाटतंय की आता सगळं उलगडलं, त्यांच्यासाठी : २०२१ मध्ये आयोवाच्या लान्स बॉमगार्ड आणि सहकाऱ्यांनी या सगळ्या मांडणीलाच आव्हान दिलं. त्यांचं म्हणणं, वाढलेले कीटोन हे दुखण्याचं कारण नसून बऱ्याचदा नुसती खूण असतात. चांगली दूध देणारी निरोगी गायही कीटोन वाढवते. खरं दुखणं गर्भाशयात किंवा आतड्यात चाललेली सूज असू शकते, तिच्यामुळे चारा सुटतो. मला दोन्ही बाजूंत दम वाटतो. पण हरणीच्या बाबतीत मी अजूनही तिच्या पाठीवरच्या त्या चरबीलाच धरतो.

हरणी वाचली. चोवीसची सतरा लिटरवर आली आणि माजावर यायला पाच महिने लागले.

दिवाळीनंतर दुसरी गाय व्याली. मी पुण्याहून जाताना माणसांच्या मधुमेहासाठी असतं तसलं कीटोनचं छोटं मीटर घेऊन गेलो. २००९ मध्ये तसलं मीटर गायींवर तपासून ते चालतं असं दाखवलेलं आहे, १.२ च्या वर आकडा गेला की लक्ष द्यायचं. सातव्या दिवशी डॉक्टरांनी शेपटीच्या शिरेतून थेंब काढला. १.६. गाय मस्त रवंथ करत होती, खुराकही खात होती. लगेच औषध पाजायला सुरुवात केली.

नानांनी मीटर हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं. मग खिशातून सकाळची पावती काढली, ४.९ होतं, आणि मला विचारलं, "हा तुझा आकडा खाली आला, की हा पण येणार ना?"

मी म्हटलं, "येणार नाना."

त्यांनी पावती घडी करून परत खिशात ठेवली आणि औषधाची बाटली घ्यायला आत गेले.